सांध्यांची गोळी : महापुरात अडकलेल्या एका कुटुंबाच्या औषधांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांना एकाच वेळी महापूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून बाहेर काढलेल्या कुटुंबाची ही हकिकत आहे. हे कुटुंब ज्या शाळेतील छावणीत आले, तेथे औषधांच्या टेबलावर मी फार्मासिस्ट म्हणून काम करत होतो. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिले असून ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. आमच्या टेबलावर झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण हे लिहिण्याचे मुख्य कारण त्याच आहेत.

घरात सहा माणसे होती. आजोबा अडुसष्ट वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब असलेले. सकाळी २२ आणि संध्याकाळी १४ युनिट मिश्र इन्सुलिन घेणारे. आजी त्रेसष्ट वर्षांच्या, थायरॉइड आणि बरीच वर्षे संधिवात. शेती आणि दोन म्हशी सांभाळणारा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. घरातील औषधांचा सगळा व्यवहार सूनबाईंकडे होता. कोणती पट्टी संपत आली, कोणती मिरजेहून आणायची, कोणती गावातल्या दुकानात मिळते, हे त्यांना तोंडपाठ होते आणि इतर कोणाला माहीत असण्याची कधी गरज पडली नव्हती.

त्या वर्षी नागपंचमी सोमवारी, ५ ऑगस्टला होती. सूनबाई दोन्ही मुलांना घेऊन शनिवारीच माहेरी गेल्या होत्या आणि माहेर कृष्णेच्या पलीकडे, मिरज तालुक्यात होते. आजींचे संधिवाताचे डॉक्टरही त्याच बाजूला. पूल पाण्याखाली गेला आणि रस्ते बंद झाले, तेव्हा औषधांची माहिती असलेली दोन्ही माणसे नदीच्या एका तीरावर आणि औषधे घेणारी दोन्ही माणसे दुसऱ्या तीरावर, अशी विभागणी झाली.

घर सोडताना

या भागातील लोकांना पूर नवा नाही. प्रत्येक घरात २००५ च्या पुराची खूण असते, कोणी भिंतीवर रेघ मारून ठेवलेली, कोणी नुसती पायरी लक्षात ठेवलेली. या घरातही ती होती, आणि मुलाचा सगळा हिशेब तिच्यावरच आधारलेला होता. २००५ मध्ये पाणी सोप्याच्या तिसऱ्या पायरीला लागून परतले होते. तेव्हा माळ्यावर ठेवलेले सामान सुरक्षित राहील, असे त्याने गृहीत धरले. हे गृहीतक मूर्खपणाचे नव्हते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते आणि त्याहून मोठा पूर पाहिलेले माणूस गावात भेटत नव्हते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी ५५ फुटांच्या वर चढले.

सोमवारी रात्री गावाची वीज बंद करण्यात आली. मंगळवारी सकाळी मुलाने म्हशी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन बांधल्या, सातबारा, बँकेची पुस्तके आणि दागिने एका पिशवीत घातले, धान्याची पोती माळ्यावर चढवली. दुपारी तिघेही भाऊबंदांच्या घरी गेले. निघताना त्याने वडिलांना विचारले, “अण्णा, तुमची औषधं घेतली न्हवं?” आजोबांनी चालू असलेली इन्सुलिनची बाटली, एक सिरिंज आणि रक्तदाबाची पट्टी सदऱ्याच्या खिशात घातली होती. फ्रिजमधील दुसरी, न उघडलेली बाटली तेथेच राहिली. वीज येईल तेव्हा ती गार राहील, असा विचार त्यामागे होता.

आजींना त्याने विचारले नाही. त्यांनी स्वतःहून थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली घेतली, कारण ती गोळी रोज पहाटे उपाशीपोटी घ्यायची असते आणि इतक्या वर्षांत त्यांनी ती एकही दिवस चुकवली नव्हती. संधिवाताच्या औषधांचा स्टीलचा डबा माळ्यावर राहिला. शेजारच्या बाईंनी त्याबद्दल विचारले, तेव्हा त्या जे म्हणाल्या ते त्यांनीच आम्हांला नंतर सांगितले : “सांध्याची गोळी हाय ती, चार दिस न्हाई घेतली तर काय व्हतंय? दुखंल जरा.”

त्या डब्यात चार प्रकारच्या गोळ्या होत्या. कॅल्शियम आणि फॉलिक ॲसिड चार दिवस चुकल्याने काही बिघडणार नव्हते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायची होती. तिचा एखादा रविवार चुकला तरी चालले असते, उलट ती चुकून रोज घेतली गेली असती तर जिवावर बेतले असते. चौथी होती प्रेडनिसोलोन, १० मिलिग्रॅम, रोज सकाळी. हे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात. शरीराला लागणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक त्याच बनवतात, पण त्याचे काम करणारे औषध बाहेरून मिळत असल्याने त्या एक प्रकारे झोपी जातात. गोळी एकाएकी बंद झाली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. त्यातच ताप, जुलाब किंवा दगदग आली, म्हणजे शरीराला एरवीपेक्षा अधिक कॉर्टिसोल लागण्याची वेळ आली, की रक्तदाब आणि साखर दोन्ही कोसळू शकतात. संधिवातासाठी दिलेली गोळी त्या अर्थाने केवळ संधिवाताची राहिलेली नसते, आणि हे आजींना कोणी त्यांच्या शब्दांत सांगितले नव्हते. त्यांना सांगितले गेले होते ते एवढेच की या गोळीने हाडे ठिसूळ होतात आणि तोंडावर सूज येते. ती चुकली तर बरेच, असे त्यांना मनातून वाटत होते.

बुधवारी, ७ ऑगस्टला, भाऊबंदांच्या घरातही पाणी शिरले आणि दुपारी बोट आली. बोटीत माणसामागे एकच लहान पिशवी घेता येत होती. संध्याकाळी तिघेही छावणीत पोहोचले. आजींनी प्रेडनिसोलोनची शेवटची गोळी मंगळवारी सकाळी घेतली होती.

छावणीतील स्थिती

छावणी उंचावरच्या एका गावातील माध्यमिक शाळेत होती आणि गावाच्या चारही बाजूंनी पाणी होते. पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता, सांगली–कोल्हापूर रस्ताही बंद होता. गावातील एकमेव औषध दुकानात जो माल होता तोच आमचा साठा. वैद्यकीय अधिकारी दिवसातून एकदा बोटीने येत. एरवी मी, एक आरोग्यसेविका आणि दोन आशाताई.

आमच्या टेबलावर पॅरासिटामॉल, ओआरएस, जुलाबाची औषधे, लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन, त्वचेची मलमे आणि तातडीच्या इंजेक्शनांचा एक ट्रे होता. म्हणजे पुरामुळे होणाऱ्या आजारांची तयारी होती. पुराआधीपासून असलेल्या आजारांची नव्हती. आलेल्या माणसांत ताप-जुलाबाच्या रुग्णांपेक्षा रक्तदाब, मधुमेह, फिट्स आणि हृदयविकाराची औषधे मागे टाकून आलेले लोक अधिक होते, हे दुसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

नोंदवहीत आम्ही पाच रकाने आखले होते : नाव, वय, गाव, आजार, सोबत औषध आहे की नाही. आजोबांच्या ओळीत सगळे नीट भरले गेले. आजींना आजार विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला थायरॉइड हाय, गोळ्या आणल्यात.” शेवटच्या रकान्यात मी स्वतः बरोबरची खूण केली.

पहिला प्रश्न : इन्सुलिन

आजोबांच्या बाटलीत बुधवारच्या संध्याकाळचा डोस कसाबसा निघाला. गुरुवारी सकाळी बाटली रिकामी होती आणि ग्लुकोमीटरवर साखर ३४२ आली. दुकानात इन्सुलिन संपले होते. मात्र आदल्या दिवशी कोणी मदत म्हणून पाठवलेल्या खोक्यात पेनमध्ये बसवायच्या इन्सुलिनच्या नळ्या होत्या. औषध तेच, ३०/७० मिश्र. पेन एकही नव्हते.

एका उत्साही स्वयंसेवकाने, ज्याच्या घरी स्वतःचे वडील इन्सुलिन घेत होते, आजोबांची सिरिंज नळीत खुपसून २२ च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले होते. आरोग्यसेविकेची नजर नळीवरील छोट्या अक्षरांवर गेली म्हणून तिने त्याचा हात धरला. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठीची सिरिंज चाळीस रेघांची, लाल टोपणाची असते. पेनच्या नळीतील इन्सुलिन एका मिलिलिटरला १०० युनिटचे असते. चाळीसच्या सिरिंजमधील बाविसावी रेघ म्हणजे ०.५५ मिलिलिटर, बाटलीतून घेतले तर २२ युनिट, नळीतून घेतले तर ५५. त्या दिवशी सकाळच्या जेवणाचा पत्ता नव्हता, बिस्किटांच्या पुड्यावर लोक होते. ५५ युनिट टोचले गेले असते तर दुपारपर्यंत आजोबा बेशुद्ध पडले असते, आणि आम्ही बहुधा ते थकून झोपले आहेत असे समजलो असतो.

आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, हिशेब करून नळीतून कमी इन्सुलिन ओढणे : २२ युनिटसाठी चाळीसच्या सिरिंजवर जेमतेम नऊ रेघा. गणित बरोबर होते, पण ते दर वेळी कोण करणार आणि रात्री बॅटरीच्या उजेडात कोण पाहणार, याचे उत्तर नव्हते. दुसरा, बोटीने ग्रामीण रुग्णालयात पाठवणे. तिसरा, थांबणे. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी फोनवर बोलून आम्ही तिसरा निवडला. आजोबांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा होता, उलटी नव्हती, श्वास नेहमीसारखा होता, ते पाणी पीत होते आणि संध्याकाळच्या बोटीने बाटल्या येणार होत्या. दर चार तासांनी साखर पाहायची आणि उलटी, धाप किंवा गुंगी दिसली की हलवायचे, असे ठरले. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी : त्यांच्या जागी पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले एखादे मूल असते, तर थांबण्याचा पर्याय विचारातही घेता आला नसता, कारण त्याच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळपास नसते आणि काही तासांतही प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते.

संध्याकाळी बाटल्या आल्या त्या बर्फ भरलेल्या चहाच्या थर्मासमधून. चारपैकी एक बाटली बर्फाला चिकटून गोठली होती, ती टाकून द्यावी लागली. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी भरवशाचे राहत नाही. खरे तर एवढ्या बर्फाची गरज नव्हती. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात हे खरे, पण वापरात असलेली बाटली २५ अंशांच्या आसपासच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते आणि पावसात भिजलेल्या ऑगस्टमध्ये त्या शाळेच्या खोलीत याहून फारसा उकाडा नव्हता. आम्ही उरलेल्या बाटल्या भिंतीकडेच्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवल्या.

जेवण वेळेवर मिळण्याची खात्री नसल्याने डोस कमी करून दिला गेला. शुक्रवारी साखर दोनशेच्या आत आली आणि आम्हांला हायसे वाटले. या दोन दिवसांत आजी सतत त्यांच्याशेजारी बसून होत्या. पाण्याचा तांब्या धरणे, साखर तपासायच्या वेळी बोट पुढे करायला लावणे, हे सगळे त्याच करत होत्या. आमच्या लेखी त्या रुग्णासोबत आलेल्या व्यक्ती होत्या.

दुसरा प्रश्न : आजी

शुक्रवारी संध्याकाळी आजींना अंगात कसकस वाटू लागली आणि दोन वेळा पातळ जुलाब झाले. छावणीत तसे अनेकांना होत होते. ओआरएस दिले. शनिवारी, १० ऑगस्टला, पहाटे त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखत होते, उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि बोलणे संथ झाले होते. सकाळी आठ वाजता रक्तदाब ८०/५० आणि साखर ६४. मधुमेह नसलेल्या बाईची साखर एवढी खाली का, हा प्रश्न मला पडला, पण दोन दिवस नीट खाल्ले नाही असे उत्तर मीच मला दिले आणि पुढे गेलो.

नऊच्या सुमारास वैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी सलाइन सुरू केले. जुलाबांमुळे पाणी कमी झाले असेल, लेप्टोचा संसर्ग असेल, हृदयाचे काही असेल, अशा शक्यता ते मोठ्याने बोलून पाहत होते. दोनच जुलाबांत एवढा रक्तदाब उतरावा हे त्यांना पटत नव्हते. त्यांनी मुलाला विचारले की आईंना आणखी कोणती औषधे चालू आहेत. मुलगा म्हणाला, “त्या रंगीबेरंगी गोळ्या असतात की. मालकिणीला माहीत.”

मालकिणीचा, म्हणजे सूनबाईंचा, नंबर कोणालाच पाठ नव्हता. मुलाचा फोन बुधवारपासून बंद होता. शाळेत जनरेटरवर चालणारा एक बोर्ड होता आणि त्यावर वीस-पंचवीस फोन चार्जिंगची वाट पाहत होते. याचा फोन रांगेत मागे होता. शेवटी संपर्क झाला तो आमच्यामुळे नव्हे. सूनबाईच चार दिवस गावातील ओळखीच्या प्रत्येक नंबरवर फोन लावत होत्या आणि साडेनऊला छावणीतल्या एका शेजाऱ्याचा फोन त्यांना लागला. नवऱ्याशी बोलताना त्यांचा दुसरा की तिसरा प्रश्न होता : “आत्यांनी डबा आणलाय न्हवं? त्यातली बारकी पांढरी गोळी बंद करायची न्हाई, डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय.”

फोन डॉक्टरांच्या हाती गेला. जूनमध्ये भावाकडून मिरजेत गोळ्या आणायच्या म्हणून सूनबाईंनी चिठ्ठीचा फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो उघडून त्यांनी एकेक अक्षर लावत वाचला : प्रेड-नि-सो-लोन, १०, सकाळी जेवणानंतर, एक-शून्य-शून्य.

समोरचे पर्याय

निदान आता जवळपास स्पष्ट होते. प्रश्न क्रमाचा होता. आधी हलवायचे की आधी इंजेक्शन द्यायचे? ग्रामीण रुग्णालयापर्यंत बोट आणि पुढे रुग्णवाहिका धरून दीड ते दोन तास लागणार होते. तेथे रक्ततपासणी आणि देखरेख मिळाली असती, पण ८०/५० रक्तदाब असलेल्या माणसाला उघड्या बोटीत दोन तास नेणे धोक्याचे होते. छावणीतच सलाइनवर ठेवून वाट पाहणे हा दुसरा मार्ग. तो कोणालाच मान्य नव्हता. तिसरा, निदानाची तपासणी न करता हायड्रोकॉर्टिसोनचे, म्हणजे कॉर्टिसोलची उणीव लगेच भरून काढणाऱ्या स्टेरॉइडचे, १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लगेच देणे. हे इंजेक्शन आमच्या ट्रेमध्ये होते, सर्पदंश किंवा औषधाच्या ॲलर्जीसाठी म्हणून ठेवलेले. डॉक्टरांचे म्हणणे असे की निदान चुकीचे ठरले तरी एका डोसने फारसे नुकसान होणार नाही आणि बरोबर असेल तर उशीर परवडणार नाही. मला हा त्या आठवड्यातील सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

हलवण्याबाबत घरच्यांचा विरोध वेगळ्या कारणाने होता. दोनच दिवसांपूर्वी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन जाणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला होता आणि ती बातमी छावणीत सर्वांच्या तोंडी होती. आजोबांनी सरळ सांगितले की काय व्हायचे ते इथेच होऊ दे, बोटीत नको. हा विरोध आम्ही अडाणीपणाचा समजून उडवून लावला असता तर चूक झाली असती. भीतीला कारण होते.

प्रत्यक्ष कृती

पावणेदहाला हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिले, सलाइनचा वेग वाढवला आणि ग्लुकोज दिले. अकराच्या सुमारास रक्तदाब १००/६० झाला. आजींनी डोळे उघडून पहिल्यांदा आजोबांनी सुई घेतली का ते विचारले.

त्यानंतर हलवण्याची चर्चा शांतपणे झाली. डॉक्टरांनी आजोबांना सांगितले की इंजेक्शनाचा असर काही तासच राहतो, पुढचे डोस लागतील आणि ट्रेमध्ये आता एकच शिल्लक आहे. एनडीआरएफची बोट येणार, मोजकीच माणसे बसणार, प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणार, असे ठरल्यावर ते तयार झाले. दुपारी मुलगा सलाइनची बाटली डोक्याच्या वर धरून बोटीत उभा राहू लागला, तेव्हा जवानाने त्याला खाली बसवले आणि बाटली वल्ह्याला बांधली. प्रेडनिसोलोनची एक पट्टी गावातील दुकानात होती. ती पहिल्या दिवसापासून तेथेच, आमच्या टेबलापासून दोनशे पावलांवर होती. कोणी मागितली नव्हती.

परिणाम

आजी तीन दिवस रुग्णालयात राहिल्या आणि नेहमीच्या गोळीवर परत आल्या. आजोबांच्या साखरेचे पुढे काही बिघडले नाही. पाणी उतरल्यावर मुलगा घरी गेला तेव्हा फ्रिज आडवा होऊन चिखलात रुतला होता आणि माळ्यावरचा डबा पाण्यात राहून आतल्या गोळ्यांचा लगदा झाला होता. दवाखान्याची फाइलही गेली. नव्या चिठ्ठ्या तयार करायला जो एकमेव आधार सापडला, तो सूनबाईंच्या भावाच्या फोनमधील जूनचा फोटो.

निर्णयाच्या जागा

मंगळवारी दुपारी, घराबाहेर पडताना, डबा माळ्यावर ठेवण्याऐवजी पिशवीत गेला असता तर पुढचे काही घडले नसते, हे उघड आहे. पण त्यासाठी आजींना दोष देणे मला पटत नाही. त्यांनी जे ठरवले ते त्यांना मिळालेल्या माहितीनुसार योग्यच होते : दुखणे सोसता येते, तर दुखण्याची गोळी मागे ठेवता येते. चूक त्याआधी कित्येक वर्षे, प्रत्येक तपासणीच्या वेळी, गोळी कशासाठी आहे हे सांगताना ती चुकली तर काय होईल हे न सांगण्यात आहे. लोकांना आजार ठाऊक असतो आणि औषधाचे महत्त्व ते आजाराच्या नावावरून ठरवतात. त्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी, जी आठ-दहा दिवस चुकल्याने तातडीचे काही होत नाही, ती हृदयाची म्हणून जपली जाते. थायरॉइडची गोळी शरीरात इतकी सावकाश उतरते की आठवडाभराच्या खंडाने सहसा धोका होत नाही, तीही नेमाने सोबत घेतली जाते. स्टेरॉइड, फिट्सच्या गोळ्या, कृत्रिम झडप बसवलेल्यांची रक्त पातळ ठेवणारी गोळी, इन्सुलिन, ही खंड न चालणारी औषधे. यांतली निम्मी वरवर साध्या गोळीसारखी दिसतात.

दुसरी जागा आमच्या नोंदवहीची. “आजार कोणता” हा प्रश्न चुकीचा होता. “रोज काय काय घेता आणि त्यातले काय घरी राहिले” असे विचारले असते तर गुरुवारी सकाळीच डब्याचा उल्लेख झाला असता, आणि पट्टी दोनशे पावलांवर होती. शिवाय औषध सोबत आहे की नाही या प्रश्नाला एकच खूण पुरते, असे मी धरून चाललो. ज्यांच्याकडे दोन औषधे आहेत आणि तिसरे नाही, त्यांच्यासाठी त्या रकान्यात जागाच नव्हती.

तिसरी जागा म्हणजे ६४ ही साखर. तो आकडा सकाळी आठला माझ्या समोर होता. मी डॉक्टर नाही, निदान करणे माझे काम नाही. पण खटकलेली गोष्ट फोनवर कळवणे माझे काम होते, आणि नऊपर्यंत मी ते केले नाही.

मदतीच्या खोक्यांबद्दलही लिहायला हवे. पेनशिवाय नळ्या आणि सिरिंजशिवाय बाटल्या पाठवू नयेत, ही सूचना आम्ही नंतर तालुक्याला लेखी दिली.

दोन वर्षांनंतर

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी २०१९ पेक्षाही वर गेले. या वेळी कुटुंब पाणी गावात शिरण्याच्या आदल्या दिवशीच बाहेर पडले. सूनबाईंनी दरवाजामागच्या खुंटीला झाकणाची प्लॅस्टिकची बरणी पिशवीत घालून टांगलेली असे. तिच्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, दहा सिरिंज आणि यादी. साठा एकदम विकत घेतलेला नव्हता. दर महिन्याची औषधे तीन-चार दिवस आधी आणायची आणि उरलेली बरणीत टाकायची, नवीन आली की जुनी काढून वापरायची, अशा रीतीने पाच-सहा महिन्यांत तो जमला. दुकानदाराला पट्टी कापताना नाव असलेला तुकडा आमच्याकडे राहू द्या, असे त्या बजावून सांगतात. आजींच्या पट्टीवर त्यांनी लाल दोरा बांधला होता, कारण आजींना वाचता येत नाही. लाल दोऱ्याची गोळी पोटात गेल्याशिवाय घर सोडायचे नाही आणि उलटी-ताप आला तर लगेच डॉक्टरांना सांगायचे, हे आता आजी स्वतः इतरांना सांगतात.

या वेळीही एक गोष्ट राहिलीच. मार्चमध्ये आजोबांचा सकाळचा डोस २२ वरून १८ युनिट केला होता आणि यादीवर २२ च होते. नव्या छावणीतल्या परिचारिकेने यादी वाचून सिरिंज भरली, तेव्हा आजोबांनी ती परत दिली आणि अठराच्या रेघेवर बोट ठेवले. सूनबाईंनी त्याच दिवशी यादी नव्याने लिहिली आणि वर तारीख घातली. पेन्सिलने, कारण आधीच्या यादीवरची जेल पेनची शाई बरणीच्या दमटपणाने पसरली होती.